निळी चप्पल

निफाडला उतरलो तेव्हा पारा सहावर होता.
द्राक्षबागांच्या बांधावर शेकोट्या धुमसत होत्या,
वेलींना धुराचं पांघरूण.
शर्वरी रिक्षात माझ्या शालीत शिरली,
थंडीतही तिला त्या निळ्या चपलाच हव्या होत्या.
म्हणाली, मावशी, पक्ष्यांना गारठत नाही?
माझ्याकडे उत्तर नव्हतं. थर्मासात चहा होता.

चापडगावला सुकदेव मोगल उभे,
कानटोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वावभर काठी.
नमस्काराआधी त्यांनी तिचा लालभडक स्वेटर पाहिला
आणि आपला मातकट मफलर सोडून
तिच्या अंगाला गुंडाळला.
"आज तू लव्हाळ्याचं बेट. बेट बोलत नाही."

पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं,
हजार चोची चिखल कालवत होत्या.
जांभळी पाणकोंबडी लाल मुठीत देठ धरून
ऊस सोलावा तशी सोलत होती.
दलदली भोवत्या वरून गेला
आणि सगळं तळं एकदम उठलं, चादर झटकल्यासारखं,
पुन्हा बसलं,
घडी थोडी वेगळी.

शेकाट्या मात्र चालतच होता
गुलाबी काड्यांवर, सारवलेल्या ओसरीतून जावं तसा.
त्याच्या मागे शर्वरी.
तीन पावलं. चौथ्याला घोटा. पाचव्याला गुडघा.
ती ओरडली नाही.
ओरडले मी.

सुकदेवभाऊ काठावर पोटावर आडवे झाले,
काठी सरकवली. "धर. पाय ओढू नको पोरी,
आडवी हो, अंथरुणावर झोपल्यावाणी."
ती आली. एक चप्पल आली नाही.
गाळावर राहिली, आठ हातांवर, उताणी, निळी.

मग त्यांनी तिच्यापलीकडे एक दगड टाकला.
गाळाने तो तोंडात घेतला, विड्यासारखा, आवाज न करता.
"वाळलेला नाही तो. वाळल्यासारखा दिसतो.
शेकाट्याचं वजन दोनशे ग्रॅम.
तुझं दप्तर किती?"
शर्वरीने बोटं मोजली. हसली, मग रडली,
मग चहा प्यायली.

साडेपाचला त्यांनी आवरायला लावलं.
चक्रवाक केशरी होऊन उतरत होते,
मी म्हटलं, दहाच मिनिटं.
ते पलीकडच्या उसाकडे बघत म्हणाले,
"ह्यापुढची मिनिटं त्याची."
नाव घेतलं नाही.
दिवसभर कुजबुजलेले आम्ही
कांद्याचे भाव ओरडत रस्त्यापर्यंत आलो,
शर्वरी मध्ये, त्यांच्या खांद्यावर,
एक पाय निळा, एक पाय चिखलाचा.

घरी दुसरी चप्पल टाकू देईना.
खिडकीत ठेवली, जोडीदाराची वाट बघत.

एप्रिलमध्ये फोटो आला.
गाळ आता खडखडीत, बैलगाडी जाईल इतका,
भेगांत बोट जाईल.
चप्पल तिथेच, उन्हाने पांढुरकी,
तिच्या टाचेला टेकून चार अंडी,
मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची.
बाजूला टिटवी, फोटो काढणाऱ्यावर खेकसत.
खाली सुकदेवभाऊंनी लिहिलं होतं,
आणून देतो म्हटलं होतं, पण आता राहू द्या.

शर्वरीने फोटो मोठा करून बघितला.
मग खिडकीतली चप्पल उचलली,
तिच्यात थोडा कापूस घातला
आणि कुणी हात लावायचा नाही म्हणाली.