उलटा आटा

सांवेर रस्त्यावर, धरमपुरीच्या थोडं अलीकडे,
आमची दातांची गाडी डाव्या अंगाला कलली.
आत खुर्ची, दिवा, चिमटे, कापसाचे बोळे.
बाहेर मी, गजरसिंग
आणि गंजलेले सहा नट.

जॅक नंतर, मॅडम, तो म्हणाला.
टायर टेकलाय तोवरच चाक ऐकतं,
उचललं की नुसतं फिरत बसतं.
मला पटलं. मीसुद्धा आधी डोकं टेकवायला सांगते.

तो पान्यावर उभा राहिला. उड्या मारल्या.
हँडपंपाचा तुटका पाइप अडकवून दांडा लांब केला.
मी नटांवर तेल सोडलं, थेंब थेंब,
आणि भूल दिल्यावर थांबतात तशी
दहा मिनिटं उन्हात थांबले.
मग शिकवलं त्याला: हिसडा नको, जोर धरून ठेव.
एकवीस वर्षं हेच करत आलेय.

पाना वाकला.
गजरसिंग दिवाळीनंतरच कामाला लागलेला,
आणि गाडी ट्रस्टला कुणीतरी दान दिलेली,
माझ्या डिग्रीहून जुनी.
त्याने देवास नाक्यावरच्या टायरवाल्याला
सात पिढ्यांसकट आठवलं.

तेवढ्यात सायकलवरून सरकटे उतरले.
रोडवेजच्या डेपोत अख्खी नोकरी.
डेपो गेला, खाकी शर्ट उरला.
हँडलला मेथीची जुडी.
पान्याला त्यांनी हात लावला नाही.
रुमालाचं टोक थुंकीनं ओलं केलं,
बोल्टाच्या डोक्यावरचा गंज पुसला.
तिथे तांदळाएवढं एक अक्षर: एल.

"ताई, डाव्या चाकाचे आटे डावे.
तासभर तुम्ही घट्ट करताय."

कुणी हसलं नाही.
पाइप दुसऱ्या बाजूला गेला.
पहिला नट किंचाळला, आणि तो आवाज
मला ओळखीचा होता, मूळ सुटतानाचा.
पाच निघाले. सहाव्याचा बोल्टच तुटला,
तसेच पाचांवर निघायचं ठरलं, हळू.

म्हटलं, सरकटे, तोंड उघडा, पैसे नकोत.
खालची दाढ, उजवीकडची. काळी, अर्धी, हलती.
काढू? दोन मिनिटांचं काम.
"राहू द्या हो. तिचं माझं जमलंय आता.
मी डावीकडनं जेवतो."

सांवेरला पोचलो तर रांग निम्मी उठून गेलेली.
उरलेल्यांतल्या पहिलीच्या दाढेला चिमटा लावला
आणि हात तसाच राहिला.
तिने डोळ्यांनीच विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
कुठल्या बाजूला फिरते, बघतेय.