बाहीचं माप

तिचं नाव ब्रोनिस्लावा.
वेंगुर्ल्याच्या जिभेवर ते टिकलं नाही,
बोरणाबाय झालं.
पोलंड कुठे, असं पोरांनी विचारलं
की आम्ही बंदरावरच्या दिव्यापलीकडे हात दाखवायचो.

आगबोटीवरचा आरोलकर तिला घेऊन आला
तेव्हा माझं दुकान नवं. एक मशीन,
काजाबटणाला एक पोर.
ती म्हणाली, बाही लांब. मनगटापर्यंत.
म्हटलं, बाय, वैशाख आहे,
इथे बैलसुद्धा सावली सोडत नाही.
ती म्हणाली, लांब.

टेप लावायला तिने हात पुढे केला,
कोपराखाली निळे आकडे.
आणि माझं तोंड शिंप्याचं,
आकडा दिसला की मोठ्याने वाचणारं.
वाचले मी.
पोराने वहीत उतरवून घेतले.
ती टाचा जुळवून उभी, ताठ,
माझ्या दुकानात नव्हेच.
मग मोडक्या मराठीत हळू म्हणाली,
"ते माप माझं नव्हे."

ते पान मी फाडलं.
आकडे अजून पाठ आहेत. सांगणार नाही.

एकोणतीस वर्षं लांब बाह्या शिवल्या,
आणि प्रत्येक झग्याला आतून एक खिसा,
एक पाव मावेल एवढा.
कधी विचारलं नाही.
कळत गेलं ते शिवण उसवल्यासारखं, टाक्याटाक्याने.
भाजावळीच्या दिवसांत डोंगर धुमसू लागले
की ती दारं-खिडक्या लावून किनाऱ्यावर जाऊन बसायची,
तोंड वाऱ्याकडे,
मागे आरोलकर छत्री धरून.
पुढे त्याने आपल्या कुणग्यात भाजावळच सोडली.
तरवा रोगट आला, गाव हसलं,
तरी सोडली.

एका लग्नात उष्टी पानं उकिरड्यावर जाताना पाहून
ती धावली, पानावरची शितं वेचू लागली.
कुणी म्हणालं, वेडी.
माझी आई उठली
आणि तिच्या शेजारी बसून वेचू लागली.
त्यावर घरी कधी बोलणं झालं नाही.

आरोलकर गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात
ती पांढरं वायल घेऊन आली.
"आखूड. कोपराच्या वर."
माझ्या हातात टेप थरथरला.
काजाबटणाच्या पोराची आता दाढी पिकलेली,
तो पेन्सिल धरून खाली बघत राहिला.
तेव्हा तीच वाकून टेप वाचती झाली, खणखणीत,
"दंड सव्वानऊ. लिही."

बाजारात म्हाताऱ्या गाबतिणीने
टोपलीवरून तिचा हात धरला.
स्वतःच्या मनगटावर तुळस गोंदलेली, विटलेली.
"ह्यां कोणी गोंदल्यानी गो?"
"वाईट माणसांनी."
"खूप दुखला आसतला."
बोरणाबाय काही बोलली नाही,
हात मात्र तसाच राहू दिला, बराच वेळ,
माशा घोंघावत होत्या.
मग तिने बांगड्यांचा वाटा विचारला.
गाबतिणीने भाव एक पैसासुद्धा कमी केला नाही.