फाटक

चित्र माझ्याकडे आलं ते धुरकटून,
शेगडीवर साठ वर्षं टांगलेलं.
फ्रीसलंडातलं कुरण, सात गायी, एक पाणचर,
बाकी सगळं आभाळ.
तिथली जमीन इतकी सपाट
की चित्रकाराला उभं काही हवंच असेल
तर ते ढगांतूनच उपसावं लागतं.

कॅटलॉगमध्ये लिहिलंय :
उघडं फाटक म्हणजे पैलतीर,
मावळता उजेड म्हणजे आत्म्याची ओढ.
गायींबद्दल अवाक्षर नाही.

कापसाचा बोळा ओला केला, लाळेनं.
हसू नका, आम्ही अजून लाळच वापरतो;
जुना मळ तिच्याइतकं दुसऱ्या कशाचं ऐकत नाही.
आठव्या दिवशी फाटकापाशी पोचले
आणि हात थांबला.

हा हिरवा विबरेनचा नव्हे.
विबरेनचा हिरवा म्हणजे
गवतावरून नुकतंच कुणी उठून गेल्यासारखा.
हा जाड, ठोकळ,
गोठ्याच्या दारांना फासतात तो.
रंगात दोन राठ केसही अडकलेले.
दिवा तिरपा धरला तेव्हा खालचं दिसलं :
विबरेननं फाटक लावलेलं होतं,
कडीसकट.
पैसे मोजणाऱ्या शेतकऱ्याला दुसरं काय हवं असणार?
गायी चरात पडल्या तर?

मग उघडलं कुणी?

चौकटीच्या मागे पेन्सिलीनं दुधाचे हिशेब.
चेब्बेचं काटकोनी अक्षर :
अकरा कॅन, बारा कॅन, अकरा,
मग एका मंगळवारी नुसतंच
‘यिल्डर्ट. रॉटरडॅमहून बोट.’
पुढचे आकडे दुसऱ्या हातचे,
उजवीकडे कललेले, 
एखादा खोडून पुन्हा लिहिलेला.
बायकोचं नाव शौक्ये,
एवढंच चर्चच्या वहीत सापडलं.
मला काहीच सिद्ध करता येणार नाही.

संग्रहालयाचं पत्र आलंय :
नंतरचा रंग काढून टाकावा,
मूळ कृती महत्त्वाची.
एका दुपारचं काम आहे.

बिजागरी तिला जमलेली नाही
(तिला म्हणतेय मी, बघा).
फाटक कुठल्याच खांबाला न लागता
हवेत तरंगतंय.
सहा गायी खाली मान घालून चरताहेत.
सातवी वळून बघतेय,
आणि तिच्या डोळ्यातला पांढरा ठिपका
भिंतींना लावायच्या चुन्याचा आहे.

पत्राला अजून उत्तर दिलेलं नाही.
आज फक्त आभाळाचा
वरचा डावा कोपरा पुसला.