टोकन एक्केचाळीस

आठशे बारा टेस्ट, सगळ्या ब्राउझरमधून.
चार तास सतरा मिनिटं.
अलकापुरीतल्या ऑफिसात संध्याकाळी सुरू करायच्या,
खाली उतरून सेव-उसळ खायची, वर तर्री मागून घ्यायची,
आणि परत येऊन बघावं
तर तीनशेव्या टेस्टला बटण सापडलेलं नसतं.
बटण तिथंच असतं.
पान जरा उशिरा उघडलेलं असतं, इतकंच.
पुन्हा चालवली की पास.
केतनभाई म्हणतात, चालशे.

मला नाही चालत.
जी टेस्ट कधी हो म्हणते कधी नाही,
तिचं कुणी मनावर घेईनासं होतं,
आणि एक दिवस ती खरं बोलते
तेव्हाही आपण तिला म्हणतो, पुन्हा सांग.

मार्चमध्ये कारेलीबागेच्या हॉस्पिटलातून फोन.
टोकन एक्केचाळीस दोघींना गेलंय.
पादऱ्याहून आलेल्या हंसाबेन,
आणि दांडिया बाजारच्या कुणी निर्मला घोरपडे.
दोघींच्या मोबाइलवर तोच आकडा,
डॉक्टरांच्या दाराशी खुर्ची एक.
आदल्या रात्री आठशे बाराही हिरव्या होत्या.

अण्णा वजनमापे खात्यात होते.
खंडेराव मार्केटात पितळी वजनांची पेटी घेऊन फिरायचे.
लहानपणी विचारलं होतं, सगळे तराजू बघता?
म्हणाले, वजनं सगळी बघतो. पेटीशी जुळवायची, झालं.
तराजू थोडे, जे जुने, जे कुरकुरतात.
आणि एखाद्या दुकानी नुसता गिऱ्हाईक होऊन जातो,
पाव किलो धणे घेतो, घरी येऊन तोलतो.
आमच्या घरात धणे कायम उतू जायचे.

रविवारी एकटी बसून आठशे एक टेस्ट पुसल्या.
हात थरथरला, खोटं कशाला सांगू.
साठ पूर्ण झाल्या दिवशी फी निम्मी होते का
हे विचारायला ब्राउझर कशाला उघडायचा?
जावातल्या त्या एका मेथडला थेट हाक मारायची.
एकोणसाठ. साठ. रिकामी जन्मतारीख. उद्याची जन्मतारीख.
असे बाराशे छोटे प्रश्न,
चहावर साय धरायच्या आत संपतात.

खोटा डेटाबेसही काढून टाकला.
फार गुणी होता बिचारा.
नंबर मागितला की पाढे म्हणावेत तसा
एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.
शिकवलं तेवढंच बोलायचा, म्हणून तर कधी चुकला नाही.
आता दर वेळी खरा उभा करते,
कोरा, कंटेनरमध्ये, आणि काम झालं की मोडते.
वेळ जातो. जाऊ दे.

मग लक्षात आलं,
आमची प्रत्येक टेस्ट एकटी यायची.
एक माणूस, एक बटण, मागे कुणी नाही.
सकाळी साडेआठला त्या खिडकीवर
असं कधी असतं?

वीस थ्रेड दाराशी अडवून धरले
आणि एका खुणेसरशी सोडले.
पहिल्याच फेरीत तीन एक्केचाळीस.
लाल रंग बघून इतकं बरं
मला आधी कधी वाटलं नव्हतं.
केतनभाईंनी खुर्ची ओढली, बराच वेळ बोलले नाहीत,
मग टोकन देणाऱ्या ओळीला कुलूप घातलं.
बावीस वेळा चालवली. बावीस वेळा वीस वेगळे आकडे.

ब्राउझरच्या उरल्या त्या अकरा.
अकरावी जुन्या फोनवरून येते, रडतखडत नेटवर,
पैसे भरता भरता मागे जाते,
घाबरून तेच बटण पुन्हा दाबते.
तिला मी नाव दिलंय, धणे.
नवीन मुलं विचारतात. सांगत नाही.

आता रिलीजच्या रात्री मी घरी जेवते.

त्या दोघींचं पुढं काय झालं
ते लॉगमध्ये नाही.
रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली,
हंसाबेन जरा सरकून बसल्या होत्या
आणि अर्ध्या खुर्चीवर
घोरपडेबाई.