वाढ

'बाळ-बाळंतीण सुखरूप'
असा निरोप संदेशनं हॉस्पिटलच्या जिन्यातूनच
एकेचाळीस जणांना पाठवला.
त्यातलं सुखरूप मी नंतर शोधत राहिले,
उशीखाली, टाक्यांच्या आसपास,
पहाटे तीनला फ्रीजच्या उजेडात.

बाळंतीण म्हणतानासुद्धा
तोंडात आधी बाळच येतं,
मागून ओढत ओढत उरलेली मी.

घणसोलीत, सातव्या मजल्यावर.
आई नाही, त्यामुळे माहेर म्हणजे वडिलांचा फोन:
'बरी आहेस ना?' आणि मग दोघांकडून शांतता.
सासूबाई अठरा दिवस राहून लातूरला परतल्या,
डिंकाचे लाडू मोजून ठेवून, रोज एक.
शेवटचा डब्यात तसाच आहे,
मोडवत नाही.
संदेशला महाप्याला रात्रपाळी.
खिडकीतून ओहोटीच्या खाडीचा वास यायचा
आणि मला वाटायचं, हा माझाच.

लसीकरणाच्या कार्डावर
सिस्टरनं टिंबाला टिंब जोडत रेघ वर नेली.
'वाढ छान आहे हो पोरीची!'
मी कार्ड उलटून पाहिलं.
माझ्यासाठी दोन चौकटी होत्या:
आईचं नाव. रक्तगट.

हसूबाई गावठाणातून चालत यायच्या, नऊच्या ठोक्याला.
कंबरेला खोचलेला मोबाइल, हातात तेलाची बाटली.
पाय पसरून बसायच्या, पोरीला पायांवर घ्यायच्या,
न्हाऊ, धुरी, टाळूवर तेल,
नाक चिमटीत धरून सरळ करायच्या,
जसं काही सगळं आयुष्य नाकावरच चालणार आहे.
एकदा तिला दुपट्यात गुंडाळून बाजूला ठेवलं
आणि म्हणाल्या, 'आता तुजा नंबर. पालथी हो.'

पाठ. खांदे. पोटऱ्या.
त्या हातांना घाई नव्हती.
उशीत तोंड होतं म्हणूनच बोलता आलं:
हसूबाई, मला ती आवडत नाही.

हात थांबले नाहीत.
तेवढंच बघत होते मी, हात थांबतात का.
'मना पन माजी पयली नाय आवरली. तीन म्हयने.
मिठागराच्या बांधावर ठेवायची न इसरून जायाची.
आता तीच बीपीची गोली आनून देते.'
मग टाचेला अंगठा दाबत,
'रर. ररल्यान दूध आटत नाय.'

मी रडले. आतल्या खोलीत तीही रडली.
त्या सकाळी कुणी कुणाला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काही उजाडलं-बिजाडलं नाही.
दुसऱ्या दिवशी मी गॅसवर दूध ठेवून
बाथरूमच्या दारामागे बसून राहिले,
आणि भांडं जळालं.

पण पुढच्या तपासणीला,
पोरीचं सगळं सांगून झाल्यावर,
मॅडमनी पेनाला टोपण लावल्यावर,
मी खुर्चीतून उठले नाही.
म्हटलं, आता माझं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं
आणि टोपण पुन्हा काढलं.

आता एक छोटी गोळी आहे, जेवणानंतरची.
बुधवारी तासभर एका बाईंशी बोलणं आहे.
आणि हसूबाई सव्वा महिना उलटला तरी येतात,
पैसे विचारले की म्हणतात, 'जा गो,' आणि घेतात.

काल संदेश रात्रपाळीवरून आला.
बूट काढून सवयीनं ताटावर बसला.
मी त्याच्या समोर बसले, दुसरं ताट घेऊन.
कुकर आमच्या दोघांच्या मध्ये.
वाफ गेलेली.
तो वाट बघत होता. मीही.
मग मी म्हटलं,
'वाढ.'

त्याला आधी कळलंच नाही कुणाला सांगतेय.
मग उठून डाव शोधायला लागला,
चुकीच्या ड्रॉवरमध्ये, मग बरोबर.
भात खाली लागला होता. वरणात मीठ कमी.
तिसऱ्यांदा मागितला तेव्हा
आतून ती कुरकुरली.

माझा हात ताटावरून उचलला गेला,
जरासा.
तो उठला होता.
मी पुन्हा घास घेतला.