हातमोजे, चाळीस जोड

अर्जाच्या सातव्या पानावर चौकट होती:
प्रकल्पाचा आत्मा, दोनशे शब्दांत.
मी एकशे नव्याण्णव लिहिले
आणि एक कौतिकाबाईंसाठी ठेवला.
त्या म्हणाल्या, मला मेलीला काय विचारतोस,
वास लिही.
लिहिला.
झाले दोनशे.

आमचं बाहुलीनाट्य. वाशीनाक्याच्या समाजमंदिरात,
कॅरमवाले उठले की सात ते नऊ.
बाहुल्या म्हणजे गटारात उतरताना घालायचे रबरी मोजे,
नारिंगी, कोपरापर्यंतचे.
बोटांवर डोळे काढले
की अंगठा आपोआप बोलायला लागतो.
पाच बायका, तीन रिटायर माणसं, आणि मी,
ज्याला पेटी येते असं सगळे समजतात.

लोअर परळला, एकोणिसाव्या मजल्यावर,
छातीवर ‘पाहुणा’ असं स्टिकर चिकटवून बसलो.
ऋजुता मॅडम चांगल्या होत्या. हे मुद्दाम लिहितो,
कारण पुढे त्या वाईट वाटतील.
आमचा व्हिडिओ पाहताना त्यांचे डोळे भरले.
त्यांनी चष्मा पुसला, आणि विचारलं,
लाभार्थी किती?
दीडशे मावतात, मी म्हणालो,
खिडकीतली पोरं धरून एकशे ऐंशी.
आणि बदल? तो कसा मोजणार?

मी काचेतून खाली पाहत राहिलो.
खाली रस्त्यात एक झाकण उघडं होतं,
भोवती चार काठ्या, लाल फडकं,
इतक्या वरून शर्टाच्या बटणाएवढं.
मी दाखवलं नाही.
दाखवायला हवं होतं का,
ते अजून ठरत नाही.

मग बजेट.
‘हातमोजे, चाळीस जोड’ या ओळीवर पेन थांबलं.
बाहुल्या नऊ, आणि मोजे चाळीस?
सांगता आलं असतं,
की प्रयोग संपला की बाहुल्या डोळे पुसतात
आणि सकाळी सहाच्या पाळीला जातात.
की ठेकेदाराचं बजेट आमच्याहून पुष्कळ मोठं आहे
आणि त्यात ही ओळच नाही.
मी म्हणालो, फाटतात, मॅडम.
त्यांनी दहा केले. हिरव्या शाईने, हळुवार.
आणि लिफ्टपाशी:
शेवट जरा सकारात्मक करता येईल का?
तो वर येतो, असं दाखवा ना.
नाही, मी म्हणालो.
चटकन. थोडा ऐटीतच.

सहा आठवड्यांनी पत्र आलं:
यंदा आमचा भर पाण्यावर आहे.
आमचाही, असं उत्तर लिहिलं आणि खोडलं.
दुसऱ्या ट्रस्टला बारा ए हवं होतं, ऐंशी जी,
तीन वर्षांचे ऑडिट.
संस्थेचं वय सव्वा वर्ष.
तिसऱ्याने कळवलं, कल्पना हृद्य आहे.
नाक्यावरचा झेरॉक्सवाला पाष्टे
हल्ली आमच्याकडून पैसे घेत नाही.
आमचा पहिला देणगीदार तोच,
वार्षिक अहवालात त्याचं नाव
कुठल्या रकान्यात घालायचं कळत नाही.

मार्चात कौतिकाबाईंना भिशी लागली. एकवीस हजार.
पावसाआधी पत्रे बदलायचे होते त्यांना.
तालमीला आल्या, कॅरी बॅगेतून पुडकं काढलं,
पेटीवर ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, वर रबर.
चाळीसच आण, म्हणाल्या, दहात काय होतंय.
मी पावतीपुस्तक शोधायला लागलो.
ते राहू दे. एक सांग,
शेवटाला तो वर येतो का रे?

पहिल्या तालमीपासून आहेत त्या.
झाकण बसतं तेव्हा तेलाचा डबा वाजवतात
त्या त्याच, आणि कधी चुकल्या नाहीत.

प्रश्न एकोणिसाव्या मजल्यावरचाच होता.
उत्तरही माझ्याकडे तेच होतं, पाठ.
मी पेटीचा भाता उगीच दोनदा हलवला,
नोटा मोजायला घेतल्या,
चुकलो,
पुन्हा पहिलीपासून मोजायला लागलो.