तेरावा महिना

नाव सांग, ती पोरगी ओरडून म्हणाली.
मी बहिरा नाही, म्हटलं, दिसत नाही मला.
सेन्शाव. बापाचं नाव तेगेन्ये.
टाना सरोवराच्या काठी दवाखान्याचा तंबू,
बाकावर आम्ही अकरा जण,
अकरांच्याही डोळ्यांत ताक.

जन्मतारीख?
टोळधाड आली त्या साली, म्हटलं,
तेराव्या महिन्यात, तिसऱ्या दिवशी.
साल दुष्काळाचं आणि त्यात हा तेरावा,
आई कौतुकानं नाही सांगायची.
तिनं पाटीसारखं ते यंत्र बोटानं घासलं.
यात बाराच आहेत, म्हणाली, परदेशातून आलंय.
पाच दिवसांचा एवढासा आमचा महिना,
वर्षाच्या शेपटाला बांधलेला,
तोही मावला नाही.
मग तिनं मला एक जानेवारी दिली.
शेजारच्या तिरंगोला तीच, पलीकडच्या दोघांना तीच.
सगळा बाक एकाच पहाटे जन्मला
आणि एकाही आईला कळ आली नाही.

आता बोट ठेव.
ठेवलं. यंत्र गप्प.
दुसरं ठेव. अंगठा ठेव.
पन्नास वर्षं शेळीचं कातडं चौकटीवर ताणून
वज्रीनं घासत आलो.
कातडं गुळगुळीत होतं तशी बोटंही होतात,
हे गुरूनं सांगितलं नव्हतं.

काय काम करायचास?
पोथ्या लिहायचो.
कसल्या?
देवाच्या. दुसऱ्या कसल्या असतात?

नातू विचारायचा, देवाची पोथी आली कुठून?
आभाळातून, असं मला शिकवलं होतं.
मी त्याला गोठ्यात न्यायचो.
ही काळ्या कानांची होती ना, ती पहिली सोळा पानं.
तिला गोचीड चावली होती, तिथं भोक पडलं,
म्हणून बघ, दया दोन तुकड्यांत आहे,
द अलीकडे, या पलीकडे,
मधून पुढचं पान डोकावतं.
शाई तव्याच्या काजळीची.
आणि सगळ्यांच्या आधी जो कुणी बसला असेल
त्याचे गुडघे दुखत असणार,
बायको जेवायला हाका मारत असणार.

एक गोष्ट नातवालाही सांगितलेली नाही.
मुलीला आमच्यात ऐंशीव्या दिवशी
पाण्यात बुडवून नाव देतात.
माझी साठाव्या दिवशी गेली.
पुरताना तिला काय म्हणायचं, कुणालाच सुचेना.
त्या आठवड्यात प्रार्थनांची पोथी हातात होती.
'तुझी दासी' इथवर आलो. पुढं जागा कोरी,
पोथी ज्याची, त्याच्या घरातलं नाव घालायला.
मी लाल शाईत बोरू बुडवला
आणि लिहिलं, वलत्ता बिर्हान.
उजेडाची लेक.

त्या पोथीवरून तिघांनी उतरवून घेतली,
त्या तिघांवरून किती जणांनी, देव जाणे.
आता समोरच्या बेटावर सणाच्या रात्री ते नाव वाचतात.
पुजारी सांगतो, सीरियाकडची हुतात्मा ती,
सिंहानं तिचे पाय चाटले.
दोन पोरींची नावंही ठेवलीत तिच्यावरून.
मी मागच्या रांगेत
काठीवर हनुवटी टेकून उभा असतो.

डोळे परत आले तर सुरी घेऊन बसावं लागेल.
लाल अक्षर खरवडायला घटकाही लागत नाही.
लबाडी ती लबाडी.
पण सिंहाचं मी नव्हतं लिहिलं.

पोरीनं यंत्र बाजूला ठेवलं.
माझा हात ओढून घेतला,
बोटं एकेक करून उलटी-सुलटी पाहिली,
मेथी निवडावी तशी.
मग साध्या वहीत पेननं काहीतरी लिहिलं.
मेरीगेता, तुम्ही आत चला, म्हणाली. हळू.
तूचं तुम्ही कशानं झालं, कळलं नाही.
बोटांमुळे असेल.
किंवा मागून कुणीतरी तिला सांगितलं असेल.

उजवा आज, डावा पुढच्या महिन्यात.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.